फॉर्मेलिन किती हुंगतो ते मोजताना: माझा अनुभव

हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले नमुने तपासतात तिथे, नव्या माणसाच्या डोळ्यांना पहिल्या आठवड्यात फॉर्मेलिन (नमुने टिकवायचं फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) झोंबतं, महिन्याभरानं झोंबत नाही. हवा तीच असते, नाक सरावलेलं असतं. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ यावर न विसंबता आम्ही हवा मोजायचं ठरवलं.

आयएआरसीच्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या, कार्यगटानं २००४ साली फॉर्मल्डिहाइडला गट १ मध्ये, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलं. तेव्हा आधार होता नाकामागच्या घशाच्या कॅन्सरचा. २००९ मध्ये ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) भर पडली. त्याच वर्षी अमेरिकेत प्रेतांचं एम्बामिंग (फॉर्मेलिन भरून प्रेत टिकवणं) करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: काम जितकी जास्त वर्षं, तितका मायलॉइड ल्युकेमियानं मृत्यूचा धोका जास्त. गंमत म्हणजे लॅबमध्ये लोक जास्त घाबरतात ते झायलीनला (नमुने तयार करताना वापरायच्या द्रावकाला), कारण त्याचा वास उग्र. झायलीननं डोकं दुखतं, कातडी कोरडी पडते, हे खरंच. पण आयएआरसीनं ते गट ३ मध्ये ठेवलंय, म्हणजे कॅन्सरबाबत निष्कर्ष काढण्याइतका पुरावाच नाही.

मोजण्यासाठी आम्ही नायॉशची (अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेची) २०१६ क्रमांकाची पद्धत घेतली. डीएनपीएच (फॉर्मल्डिहाइडशी जोडलं जाऊन ते पकडणारं रसायन) लावलेल्या सिलिका जेलचं छोटं कार्ट्रिज कॉलरवर, नाकाजवळ लावायचं, नळीनं कमरेच्या पंपाला जोडायचं आणि नंतर ते एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासायला पाठवायचं. पहिल्या फेरीत आमच्या चुका झाल्या. पंपाचा प्रवाह कार्ट्रिज न जोडता तपासला. कार्ट्रिजच्या अडथळ्यानं तो प्रत्यक्षात कमी होता, त्यामुळे हवेचं आकारमान चुकलं. प्रवाह कार्ट्रिज जोडूनच, आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासावा लागतो. दुसरं, शेजारच्या टेबलावर ॲसिटोन उघडं होतं. ॲसिटोन हा कीटोन, तोही डीएनपीएच खातो. तिसरं, न वापरलेलं एक कार्ट्रिज ‘ब्लँक’ म्हणून, तुलनेसाठी, सोबत पाठवायचं राहिलं. नमुने बंद पाकिटात, बर्फाच्या डब्यातून पाठवायचे. खिडकीत उन्हात ठेवलेलं कार्ट्रिज सरळ फेकून द्यावं.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. आम्ही पूर्ण पाळीचा एकच नमुना घेतला. आठ तासांच्या सरासरीत दहा मिनिटांची वाफ विरघळून जाते आणि आकडा छान दिसतो. अमेरिकेच्या ओशाची (कामगार-सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी यंत्रणेची) मर्यादा आठ तासांना ०.७५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.७५ भाग) आणि १५ मिनिटांना २ पीपीएम. नायॉशची शिफारस याहून कितीतरी कडक, अनुक्रमे ०.०१६ आणि ०.१. दुसऱ्या फेरीत कामागणिक १५ मिनिटांचे नमुने घेतले, मिनिटाला ०.२ लिटर प्रवाहानं, म्हणजे ३ लिटर हवा. हिशोब सोपा आहे: अहवालात ३.६९ मायक्रोग्रॅम आलं, तर ३ लिटरनं भागून १.२३ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण १ पीपीएम.

त्यात तीन कामं ठळक दिसली: ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन पातळ करणं, जुन्या बरण्या रिकाम्या करणं, आणि गर्भाशय किंवा आतड्यासारखा मोठा नमुना कापणं.

पातळ करणं बंदच केलं. तयार १० टक्के बफर्ड (आम्लता स्थिर राखणारे क्षार घातलेलं) फॉर्मेलिन विकत मिळतं. महाग पडतं, पण त्यातच सगळ्यात मोठा फायदा. स्वतः बनवणं भाग असेल, तर ३७ टक्क्यांचं १०० मिलिलिटर फॉर्मेलिन, ९०० मिलिलिटर पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट, ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, आणि तेही फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात). जुन्या बरण्याही हूडमध्येच ओतायच्या. ते फॉर्मेलिन सिंकमध्ये जात नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ते पिवळ्या वर्गातल्या रासायनिक द्रव कचऱ्यात येतं, वेगळं साठवावं लागतं.

ग्रॉसिंग टेबलाचा, म्हणजे नमुने कापायच्या टेबलाचा, घोळ निराळा. छतावरचा एक्झॉस्ट पंखा वाफ टेबलावरून वर ओढतो, म्हणजे आधी तोंडासमोरून नेतो. टेबलाच्या जाळीतून खाली किंवा मागे ओढणारा एक्झॉस्ट हवा. तो असला, तरी जाळीवर प्लास्टिक अंथरलं, टिश्यू पेपर पसरले, चरबीचे तुकडे अडकले की ओढ संपते. पहिल्या चाचणीत आमची अर्धी जाळी अशीच बुजलेली होती. ओढ तपासायला उदबत्ती पेटवू नका, झायलीन आणि अल्कोहोल जवळ असतं. टिश्यू पेपरची बारीक पट्टी जाळीजवळ धरली तरी कळतं. एसीचा झोत टेबलावर येत असेल, तर तो वळवा. मोठा नमुना कापण्याआधी हूडमध्ये पाण्यानं धुतला की वाफ बरीच कमी येते. मात्र पॅथॉलॉजिस्टला विचारूनच.

मास्कबद्दल एकच: एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. फॉर्मल्डिहाइडसाठी मान्य कार्ट्रिजचा (वाफ शोषणाऱ्या डबीचा) रेस्पिरेटर लागतो, आणि दाढी असेल तर तो नीट बसत नाही. हातमोजे नायट्राइलचे; लॅटेक्समधून फॉर्मेलिन लवकर पार होतं.

हाडं मऊ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड फॉर्मेलिनच्या शेजारी ठेवू नका. दोघांच्या वाफा मिळून बिस-क्लोरोमिथाइल इथर तयार होऊ शकतं, आणि तेही गट १ मध्येच आहे. आमच्याकडे दोन्ही बाटल्या एकाच फळीवर होत्या.