जुनं सोन्याचं ओमेगा घेताना

घड्याळ खऱ्या सोन्याचं आहे की नाही, हे ठरवायला सगळ्यात कमी वेळ लागला. सराफाकडे मागवलेला चहा येईपर्यंत ते काम उरकलं होतं. जीव खाल्ला तो डायलने.

फंडाचे पैसे हातात आले तेव्हाच ठरवलं होतं, एक घड्याळ घ्यायचं. ओमेगाचं कॉन्स्टेलेशन, साठच्या दशकातलं, १८ कॅरटचं. हे मॉडेल १९५२ पासूनचं. त्याच्या जुन्या डायलला शौकीन लोक ‘पाय-पॅन’ म्हणतात. मधला भाग सपाट आणि कडेला बारा पैलू पाडून उतरती केलेली, उपडी ठेवलेली थाळीच जणू. मागच्या झाकणावर वेधशाळेचा घुमट आणि वर आठ चांदण्या. बायकोने फोटो बघितला, किंमत ऐकली आणि म्हणाली, “एवढ्यात पाटल्या झाल्या असत्या.” हिशेब तिचा चूक नव्हता. पण पाटल्या मला घालता येत नाहीत.

मुंबईत जुनी घड्याळं मुबलक आहेत. फेवरल्युबा, वेस्ट एंड ही नावं इथल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अडचण आहे ती आपल्या हवेची. दमट हवेत डायलवर डाग पडतात, आणि पूर्वी घड्याळ सर्व्हिसिंगला दिलं की कारागीर त्याच खर्चात डायलही नव्याने रंगवून द्यायचा. त्यात फसवणूक नव्हती, गिऱ्हाइकालाच ते हवं असायचं. पण संग्राहकांच्या बाजारात ‘रिडायल’ म्हटलं की किंमत धाडकन खाली येते. त्यामुळे दुकानात सगळ्यात चकचकीत दिसणाऱ्या घड्याळापासूनच सावध राहावं लागतं.

फोर्टातल्या एका दुकानात असंच एक झगझगीत कॉन्स्टेलेशन दाखवलं. भिंगातून पाहिलं तर ओमेगाचं चिन्ह छापलेलं. या मॉडेलवर ते धातूचं, वेगळं घडवून बसवलेलं असतं. पैलूंच्या कडा रंगाखाली बोथट झाल्या होत्या आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या. दुसऱ्या ठिकाणी ‘सोन्याचं’ म्हणून दाखवलेल्या घड्याळाचं झाकण स्टीलचं निघालं. ही ‘गोल्ड कॅप’. स्टीलच्या केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावर, सोन्याचा जाड पत्रा चढवलेला असतो. नुसत्या मुलाम्यापेक्षा ती कितीतरी बरी, पन्नास वर्षं टिकते. पण भरीव सोन्याच्या भावात घ्यायची वस्तू नाही ती. नुसत्या मुलाम्याच्या घड्याळांवर बहुधा ‘२० मायक्रॉन’ असं काहीतरी कोरलेलं असतं, तिथे तर घोळच नको.

मग मित्राच्या ओळखीने गिरगावातल्या एका काकांकडे पोचलो. घड्याळ त्यांच्या वडिलांचं, आप्पांचं. वडील बोटीवर होते, एडनला बोट लागली की तिथल्या जकातमुक्त दुकानांत खरेदी व्हायची. इथे १९६३ मध्ये मोरारजींनी १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी घातलेली, आणि आप्पा एडनहून १८ कॅरटचं मनगटावर बांधून सरळ घरी आले. हे सांगताना काकांना अजून हसू येत होतं.

घड्याळ रुमालात गुंडाळलेलं होतं. डायल मूळची रुपेरी असावी, आता सायीसारखी पिवळसर झालेली. चारच्या खुणेजवळ चार-पाच बारीक काळे ठिपके. काका ओशाळून म्हणाले, “डायल जरा खराब झालीय. आमच्या खाली एकजण आहे, तो रंगवून देतो, दोन दिवसांत नवी कोरी. मग न्या.”

“काका, काहीही करू नका!” मी एवढ्या जोरात बोललो की आतून काकू डोकावल्या.

भिंग लावून बराच वेळ बसलो. चिन्ह धातूचं, डायलवरची चांदणी धातूची. ‘ऑटोमॅटिक क्रोनोमीटर’ ही अक्षरं केसासारखी बारीक, कुठेही शाई पसरलेली नाही. तासांच्या प्रत्येक खुणेच्या बुडाशी पाहिलं. पुन्हा रंगवलेल्या डायलवर तिथे रंगाचा साका दिसतो, इथे रेघ स्वच्छ होती. बारा पैलूंच्या कडा बोटाला कापतील इतक्या धारदार. ते ठिपके पाहून मला जो आनंद झाला, तो काकांना समजावून सांगणं अवघड होतं.

आतलं बघितल्याशिवाय व्यवहार करायचा नव्हता, म्हणून काकांनाच घेऊन मुसाफिरखान्याजवळच्या माझ्या नेहमीच्या कारागिराकडे, चाचांकडे, गेलो. झाकण उघडलं. मशीन तांबूस झाक असलेली, ५६१ नंबरची, २४ ज्वेल्स, म्हणजे झीज कमी करणारे बारीक खडे. मशीनवरचा आठ आकडी नंबर २१ ने सुरू होणारा, म्हणजे १९६४च्या सुमाराचा. आप्पांच्या गोष्टीशी तो जुळला. असं जुळणं महत्त्वाचं, कारण सोन्याचा भाव वाढला की लोक केस मोडीत घालतात आणि मशीन तेवढी उरते. मग ती भलत्याच केसमध्ये बसवून विकली जाते. झाकणाच्या आत सुईने ओरखडलेल्या तारखा होत्या, प्रत्येक सर्व्हिसिंगची एक. ही जुन्या कारागिरांची पद्धत. सगळ्यात शेवटची ‘८-८३’. तिथेच एक गोल घासल्याची खूणही होती. या मशीनमध्ये रोटरची, म्हणजे मनगट हललं की फिरून घड्याळाला चावी देणाऱ्या वजनाची, धुरी झिजते, रोटर लचकतो आणि झाकणाला घासायला लागतो. चाचांनी बोटाने रोटर हलवला, कानाशी धरला आणि म्हणाले, “मशीन एक नंबर है. बुश बदलना पडेगा. और ये चाबी ओरिजिनल नहीं है.”

बुश म्हणजे ती धुरी जिच्यात फिरते ती बारीक नळी. चावी, म्हणजे काटे फिरवायचं कडेचं बटण, खरंच नंतरची होती, साधी गोल. मूळची दहा कडांची असते. ही गोष्ट किंमत ठरवताना कामाला आली.

मशीन काढलेली केस डबीत घालून झवेरी बाजारात नेली. सराफाने आधी यंत्र लावलं नाही, आधी ठसे शोधले. झाकणाच्या आत ०.७५० आणि बाईच्या मुखवट्याचा इवलासा ठसा, हेल्व्हेशियाचा. तो स्विस सरकारी तपासणीचा, १८ कॅरटसाठी. १४ कॅरट असतं तर तिथे खार असती. मग एक्सआरएफ यंत्रात, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रात, केस ठेवली, पडद्यावर पाऊणशेच्या आसपास टक्के आले. गंमत म्हणजे नुसत्या त्या आकड्यावर सराफ स्वतःच विसंबायला तयार नव्हता. यंत्र वरचा पातळ थर वाचतं. जाड पत्रा चढवलेली गोल्ड कॅपसुद्धा त्यात पास होऊ शकते. म्हणून ठसे, झाकणाच्या आतली बाजू, पट्टा अडकतो त्या कानांच्या मागची बाजू आणि वजन, हे सगळं एकत्र बघायचं. मी एचयूआयडीचं, म्हणजे हॉलमार्कच्या दागिन्यावर असतो त्या ओळख-नंबराचं, विचारलं. त्याने मान हलवली. सक्तीच्या हॉलमार्किंगमधून घड्याळं वगळलेली आहेत, तेव्हा तो सहा अक्षरांचा नंबर इथे सापडणार नाही आणि नाही म्हणून घाबरायचंही नाही. “मोडलंत तर चांगले पैसे येतील,” असं तो सवयीने म्हणाला. काकांनी डबी पटकन खिशात घातली.

केस आणि झाकण मिळून भरलं दोन तोळ्यांच्या आत. म्हणजे सोनं, त्या दिवशीच्या भावाने, काकांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. उरलेलं निम्मं त्या न रंगवलेल्या डायलचं आणि मशीनचं. बायकोला हे सांगितल्यावर तिने पाटल्यांचा विषय पुन्हा काढला.

किमतीची घासाघीस फारशी झाली नाही. चावी, बुश आणि सर्व्हिसिंगचा खर्च काकांनी मान्य केला, मी ठिपक्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. अडलं ते पैसे देण्यावर. त्यांना रोख हवी होती. आयकराच्या नियमाप्रमाणे एका व्यवहारात दोन लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, हे पटवायला त्यांच्या सीए भाच्याला फोन लावावा लागला. शेवटी रक्कम खात्यात भरली आणि साध्या कागदावर पावती करून घेतली: मॉडेल, मशीनचा नंबर, केसचा नंबर, दोघांचे पॅन, सही. वारसाहक्काने आलेली वस्तू आहे, हेही एका ओळीत लिहून घेतलं. घड्याळ कुठून आलं हे पुढे कुणी विचारलं तर हा कागद लागतो, आणि विकायची वेळ आली तर सोन्याइतकाच तोही मोजला जातो.

चाचांना दोनच अटी घातल्या: डायलला ब्रशसुद्धा लावायचा नाही आणि केसला पॉलिश मारायचं नाही. पॉलिशने कानांच्या कडा गोल होतात आणि झाकणावरचा घुमट पुसट होत जातो. त्यांना दुसरी अट पटली नाही, “सोना है, चमकना मंगता है” म्हणत राहिले, पण पाळली. बुश बदलली, तेल-पाणी झालं. आता दिवसाला काही सेकंद पुढे जातं. साठीच्या मशीनकडून यापेक्षा जास्त मागणं बरं नव्हे. तारीख बदलायची तर काटे मध्यरात्रीच्या पुढे-मागे फिरवत बसायला लागतं, त्यामुळे महिनाअखेरीला मी चक्क चुकीची तारीख घालून फिरतो. पावसाळ्यात ते कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतं.

दहा कडांची जुनी चावी अजून शोधतोय. एकाकडे आहे, पण त्याने सांगितलेल्या किमतीत साधं नवं एचएमटी येईल.