चष्म्यावर गोगल, नळीवर 'इंडियन ओरिजिन'
आमच्या कॅलिफोर्नियातल्या लॅबमध्ये ऱ्हीसस माकडाच्या रक्ताची नळी उघडायची तर चष्म्यावर गोगल, त्यावर फेस शील्ड, हातात ग्लोव्हजचे दोन जोड. श्वासाने आत सगळं धुकट. दरवर्षी तोच ट्रेनिंगचा व्हिडिओ, तीच परीक्षा, तीच सही. डोळ्यात थेंब उडाला तर पंधरा मिनिटं पाण्याखाली डोळा धरायचा, तेही घड्याळ लावून! आपल्याकडे माथेरानला माकडं हातातलं कणीस हिसकावतात आणि आपण फोटो काढतो, असं मी एका मीटिंगमध्ये बोलून गेले. सेफ्टीवाल्या बाईंनी शांतपणे १९९७ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्याच एका संशोधन केंद्रात २२ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यात माकडाकडून काहीतरी उडालं आणि बी व्हायरसने ती गेली. माकडाला त्याचा फारसा त्रासही होत नाही. मी गप्प बसले. तरी काच पुसायची सोय काही झालेली नाही.

हा खटाटोप पांढऱ्या पेशींसाठी. त्यांत थीटा डिफेन्सिन नावाचं जंतुनाशक पेप्टाइड असतं. अमिनो आम्लं फक्त १८, दोन्ही टोकं जुळलेली, बांगडीच म्हणा. नऊ-नऊचे दोन तुकडे वेगवेगळ्या साखळ्यांतून कापून पेशी ते सांधते. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातच, अर्व्हाइनला मायकेल सेल्स्टेड यांच्या गटाला ते सापडलं.

नळीवर 'इंडियन ओरिजिन' असं लेबल असतं. चिनी वंशाची माकडं वेगळी मोजतात. भारताने १९७८ मध्येच ऱ्हीससची निर्यात बंद केली. म्हणजे ही सगळी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच, तरी इंडियनच! "तुमच्याकडे रस्त्यावर फिरतात ना?" असं एकाने विचारलं. "आम्ही देणं बंद केलं म्हणून तुम्हाला पाळावी लागली," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. (माथेरानची टोपीमाकडं वेगळ्या जातीची, हे सांगायच्या फंदात पडले नाही.)

आईचा मात्र फोनवर एकच धोशा: "मारुतीच्या जातीवर प्रयोग करतेस?" अगं, थोडं रक्त तर घेतो, तेही भूल देऊन. आणि थीटा डिफेन्सिनचं जनुक आपल्यातही आहे. अस्थिमज्जेत त्याची आरएनए प्रतही निघते, पण सुरुवातीलाच 'थांबा' अशी खूण असल्याने पेप्टाइड बनत नाही. चिंपांझी आणि गोरिलाचीही तीच गत. २००९ मध्ये एका जातीच्या अँटिबायोटिकने मानवी पेशींना ती खूण ओलांडायला लावलं, आणि बनलेल्या पेप्टाइडने एचआयव्हीला अडवलं.

"मग औषध कधी येणार?" आईने विचारलं. सध्या हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींत, असं सांगितल्यावर तिने लगेच विषय बदलला.