तुला इथं करमतंय तरी कसं गं?

गेल्या डिसेंबरात माझी मावशी परभणीहून आली होती, गुडघे दाखवायला. देवगिरी एक्सप्रेसने सकाळी सकाळी कल्याणला उतरली, आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत आली, चहा घेतला, खिडकीतून बाहेर बघितलं तर समोरच्या बिल्डिंगची खिडकी, त्यातली बाई पण आमच्याकडेच बघत होती, आणि मग मावशी म्हणाली, "तुला इथं करमतंय तरी कसं गं? काय ठेवलंय एवढं हितं?"

मला पटकन काही सुचेना. चौदा वर्षं झाली मला येऊन आणि उत्तर काय दिलं, तर "वडापाव". तो परभणीत पण मिळतो, हे तिने लगेच सांगितलं.

(डोंबिवली म्हणजे मुंबई नव्हे, हे मला दादरवाल्यांनी भरपूर वेळा ऐकवलंय. पण पगार मुंबईत, झोप डोंबिवलीत आणि उरलेला वेळ सेंट्रल लाईनवर, त्यामुळे मी स्वतःला मुंबईकरच धरते, ज्याला प्रॉब्लेम असेल त्याने सकाळी ८.१० ला फलाटावर येऊन दाखवावं.)

खरं उत्तर नंतरच्या बारा दिवसांत तिच्याबरोबर फिरताना माझं मलाच सापडत गेलं.

सुरुवात रेडिओपासून झाली. मावशीने काकांचा जुना ट्रान्झिस्टर पिशवीत घालून आणला होता, टॉवेलमध्ये गुंडाळून. काका जाऊन सहा वर्षं झाली, रेडिओ त्याच्याही आधीपासून बंद. परभणीत चार जणांना दाखवला, सगळे म्हणाले भंगारात द्या. मी तिला लॅमिंग्टन रोडला नेलं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तसं विचारलंत तर लोक डोकं खाजवतात. तिथे एका जिन्याखाली, म्हणजे अक्षरशः जिन्याखाली, जेमतेम एक माणूस बसेल एवढ्या जागेत एक चाचा बसतात आणि ते फक्त जुने रेडिओ करतात. बाकी काही नाही. मोबाईल दाखवला तर बाजूला बोट दाखवतात. त्यांनी मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, म्हणाले व्हॉल्यूमचा कंट्रोल गेलाय, ओरिजिनल मिळणार नाही, पण दुसरा बसवतो, तासाने या. तासाने आलो तर रेडिओ खरखरत होता आणि खरखरीच्या मागे कोणीतरी बातम्या वाचत होतं. मावशी काही बोलली नाही. रेडिओ परत टॉवेलमध्ये गुंडाळला आणि स्टेशनपर्यंत माझ्या हातात दिला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात एक साधा हिशोब आला. समजा एखादी गोष्ट अशी आहे की लाखात एकालाच तिची गरज पडते किंवा आवड असते. २०११ च्या जनगणनेत परभणी शहर तीन लाखांचं होतं. म्हणजे असे तीन जण. तिघांवर कोणाचं दुकान चालणार? मुंबई महानगराची वस्ती दोन कोटींच्या वर, म्हणजे असे दोनशे, आणि दोनशे गिऱ्हाईकांवर एका चाचांचं जिन्याखालचं दुकान आरामात चालतं. मला वाटतं मोठ्या शहराची सगळी मजा ह्या त्रैराशिकात आहे. समुद्र, मॉल, उंच बिल्डिंगा हे सगळं नंतर. तुमचं वेड कितीही तिरपागडं असू दे, इथे तुम्ही त्यात एकटे पडत नाही.

माझं वेड म्हणजे ओहोटी.

हे ऐकून घरात सगळे हसतात. मी बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र बघितला, आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला किती दिवसांनी येतं एवढाच विषय. इथे आल्यावर ऑफिसातल्या एकीने एका रविवारी हाजी अलीच्या खडकांवर नेलं, ओहोटीला. तोपर्यंत मला वाटायचं मुंबईचा समुद्र म्हणजे काळं पाणी आणि प्लास्टिक. पण पाणी मागे गेलं की खडकांच्या खळग्यांत जे काय दिसतं ना! फुलासारखी उघडझाप करणारी समुद्रफुलं, बोटभर रंगीत गोगलगायी, एकदा तर ऑक्टोपस, आणि ट्रॅफिक चाललंय मागे शंभर पावलांवर. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी २०२० मध्ये तिथले प्रवाळ उचलून दुसरीकडे हलवले, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्याकडे प्रवाळ होते म्हणून.

आता आमचा एक ग्रुप आहे. बँकेतून रिटायर झालेले एक काका, एक दाताची डॉक्टर, इंजिनिअरिंगला केटी लागलेला (म्हणजे विषय राहिलेला) एक मुलगा, आणि मी. ह्या चौघांनी एरवी एकमेकांशी बोलायचं काही कारणच नाही. आणि ही इथली जुनीच खोड आहे बहुतेक, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) ही एवढी मोठी निसर्गसंस्था सुद्धा १८८३ साली अशाच आठ जणांनी मुंबईत एकत्र येऊन सुरू केली होती.

तर मावशीला घेऊन गेले. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत साधारण दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या आसपास, आणि रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. आम्ही अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी गेलो, सातच्या बेताने, म्हणजे डोंबिवलीहून पाचच्या आत निघायचं, दादरला बदलायचं, महालक्ष्मीला उतरायचं. मावशी पूर्ण रस्ता म्हणत होती, "गुडघे दाखवायला आले का मोडून घ्यायला?" तिला काठावर बसवलं. खाली एक कोळी आजी खडकावर कालवं फोडत बसल्या होत्या. आमच्या डॉक्टरबाई इंग्रजी नावं सांगत होत्या आणि ह्या आजी मान वर न करता प्रत्येकाचं आपलं नाव सांगत होत्या, ते जास्त पटत होतं. दहा मिनिटांत मावशीची आणि त्यांची गट्टी. एकीला दुसरीची भाषा अर्धीच कळत होती, पण सुनांबद्दल चाललेलं असावं, कारण दोघी जोरजोरात माना हलवत होत्या.

मग केटीवाल्या मुलाने मावशीला शंखातला खेकडा दाखवला. ह्या खेकड्याला स्वतःचं कवच पुरेसं नसतं, तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो, अंग वाढलं की दुसरा मोठा शंख बघतो, शंख नाहीच मिळाला तर बाटलीचं झाकण सुद्धा चालवून घेतो. मावशीने नीट ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजे हेबी तुझ्यावाणीच. अकरा महिन्याचं अ‍ॅग्रीमेंट."

चौदा वर्षांत माझं हे सहावं भाड्याचं घर आहे. तेव्हा सगळं गोड गोड सांगत नाहीये. इथे कोणी कोणाला काही विचारत नाही म्हणतात ना, घर भाड्याने घ्यायला जा मग कळेल, आडनाव काय, नॉनव्हेज खाता का, मिस्टर काय करतात, सगळं विचारतात. आणि लोकलचं म्हणाल तर ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ गाडीतून पडून माणसं गेली, तो आमचा रोजचा रस्ता. मुंबई स्पिरिट हा शब्द मला त्या दिवसापासून अजिबात सहन होत नाही. लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात कारण रजा नसते.

गुडघ्यांचं थोडक्यात सांगते. परळला एकाच भागात केईएम, टाटा, वाडिया अशी तीन मोठी हॉस्पिटलं, आणि लाईनीत निम्मा महाराष्ट्र. मावशीला तिथे जिंतूरची एक बाई भेटली, दोघींचं नातं पण लागलं कुठूनतरी. ऑपरेशन नको, वजन कमी करा आणि व्यायाम करा म्हणाले. वजनाचा भाग मावशीने ऐकलेला नाही.

परतायच्या आदल्या रात्री शिवाजी मंदिरला नाटक बघितलं. तिला नाटक आवडलं, पण तिच्या लक्षात राहिला तो परतीचा प्रवास. साडेअकरा वाजले असतील, दादरहून स्लो लोकल, लेडीज डबा. दाराशी पोलीस. एक नर्स ड्युटीवरून येत होती, एक मुलगी युनिफॉर्मवर स्वेटर घालून मॉलमधून, एक बाई मेथी निवडत बसलेली (रात्री साडेअकराला, हो), दोघीजणी क्लिपा विकून उरलेला माल मोजत होत्या. मावशी एकेकीकडे बघत होती. "ह्या सगळ्या एकट्या जायल्यात घरी?" मी म्हटलं हो. "आन् घरचे?" मी म्हटलं घरचे फोन करून विचारतात ठाणं आलं का, पोळ्या गरम करू का.

मला आठवतंय, परभणीत आठनंतर क्लासहून यायला उशीर झाला की हीच मावशी चौकात येऊन उभी राहायची आणि वाटेतले चार जण मला विचारायचे, काय गं, कुणीकडं. प्रेमानेच विचारायचे, पण उत्तर द्यावं लागायचं ना. इथे ह्या डब्यात चौदा वर्षांत मला एकच प्रश्न विचारला गेलाय: "कुठे उतरणार?" आणि तो पण सीटसाठी.

मावशी मुंब्र्यापर्यंत गप्प होती. मग शेजारच्या नर्सला म्हणाली, "कवा सुरू झाली तुझी ड्युटी? जेवलीस का?" आणि पिशवीतून चिवड्याचा डबा काढला.

ती गेली त्याला आता दोन महिने झाले. रेडिओ चालू आहे, सकाळी बातम्या लावते म्हणे, शेजारी तक्रार करतात इतक्या मोठ्याने. करमतंय का, हे परत काही विचारलं नाही तिने. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर कालनिर्णयच्या पानाचा फोटो आला, अमावस्येवर बोट ठेवून काढलेला, अर्ध्या फोटोत नुसतं बोटच, आणि खाली व्हॉइस नोट: "शनिवारी अमावस्या हाय. भाडेकरूला बघायला जायलीस का न्हाई?"