तेरा फुटी झरोका आणि पंखांचा हिशेब

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे. साधारण १३ फूट व्यासाचं गोल आकाश, त्याच्या बरोबर खाली जमिनीवर गोल रंगशिळा आणि भोवती नक्षीदार खांब. कार्तिकातल्या पौर्णिमेच्या मध्यरात्री त्या गोलातून पंख असलेला एक व्याल, म्हणजे देवळांवर कोरलेला असतो तो काल्पनिक प्राणी, खाली उतरतोय, हा नव्या चित्राचा विषय. एका अद्भुत कादंबरीचं मुखपृष्ठ आणि कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळ्यात टेबलावर विकायचा प्रिंट, अशी दोन्ही कामं या एकाच चित्राकडून करून घ्यायची आहेत. या धंद्यात नवीन येणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून पहिल्या मापापासून टेबल आवरण्यापर्यंतचं सगळं लिहितोय.

पहिला प्रश्न रंगाचा नाही, मापाचा आहे. व्यालाचं अंग घोड्याएवढं धरलं, रुंदी अडीच फूट आणि एकेक पंख ११ फुटांचा, तर पंख पसरल्यावर तो २४ फुटांच्या पुढे जातो. १३ फुटांच्या गोलातून तो येणार कसा? इथे बहुतेक जण पंख लहान करतात आणि प्राणी कोंबडीसारखा दिसायला लागतो. त्यापेक्षा देवळातल्या पारव्याकडे बघा. उंचावरून जवळजवळ सरळ खाली येताना तो दोन्ही पंख पाठीवर व्ही आकारात उचलून धरतो. आता हिशेब करा. पंख उभ्या रेषेपासून ३० अंश झुकलेले ठेवले तर दोन्ही बाजूंचे साडेपाच-साडेपाच फूट आणि अंगाचे अडीच मिळून साडेतेरा होतात, म्हणजे अडकला. २५ अंशांवर आणले की बारा फुटांच्या आत बसतो आणि दोन्हीकडे जेमतेम सात इंच उरतात. त्या सात इंचांतच चित्राचा सगळा ताण आहे. एका पंखाचं टोक दगडी कडेला घासतंय आणि तिथून थोडी धूळ झरतेय, ही कल्पना सुचली ती या आकडेमोडीतून. कल्पनेतला प्राणी खरा वाटायला हवा असेल तर त्याला अशी अडचण लागते.

दुसरी गोष्ट पंख जोडण्याची. व्यालाला चार पाय आणि वर पंख, म्हणजे खांद्यांच्या दोन जोड्या. पाठीच्या मधोमध पंख चिकटवले की ते स्टिकरसारखे दिसतात, कारण त्यांना हलवणारा स्नायू कुठेच दिसत नाही. यावरचा उपाय आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात आहे. दाजीपूरच्या जंगलातला गवा आठवा. त्याच्या खांद्यावरचा उंचवटा म्हणजे पाठीच्या मणक्यांचे वर वाढलेले लांब काटे आणि त्यांवर चढलेला स्नायू. व्यालाला हा उंचवटा द्या, पंखाचं मूळ त्याच्या उतारावर, पुढच्या पायाच्या खांद्याच्या किंचित मागे घ्या आणि छाती खोल करा. पंखाची हाडं मात्र पक्ष्याचीच: दंड, कोपर, मनगट. पारव्याची सर्वांत लांब दहा पिसं मनगटापुढच्या पंज्याला जोडलेली असतात आणि त्यांच्या आतली रांग कोपर ते मनगट या भागाला. हा हिशेब चुकला की पंख दुमडताना पिसं कुठे जातात तेच कळत नाही आणि चित्रकार तिथे धुकं टाकून मोकळा होतो.

मग उजेड. चंद्राचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. त्यामुळे १३ फुटांच्या गोलातून जमिनीवर पडणारा कवडसाही १३ फुटांचाच असतो. टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत नाही. नवख्यांच्या चित्रांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. चंद्र कलला तर गोल सरकतो, मोठा होत नाही. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास इथे चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून कवडसा रंगशिळेवरच ठेवता येतो. त्याची कडा किती मऊ ठेवायची याचंही माप आहे. आकाशात चंद्र साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावली टाकणाऱ्या कडेपासून दर मीटर अंतराला कडा सुमारे ९ मिलिमीटर धूसर होते. पाच मीटर खाली साडेचार सेंटिमीटर. म्हणजे जमिनीवरच्या गोलाची कडा एक बोट मऊ नाही, तर दोन-अडीच बोटं मऊ. व्यालाच्या पोटाखालच्या पायाची सावली मात्र त्याच्याच अंगावर, हातभर अंतरावर पडते, ती धारदार. एकाच चित्रात या दोन्ही कडा शेजारी आल्या की उंची आपोआप जाणवते.

कवडशाचं लंबवर्तुळही मोजून घ्या. मध्यापासून २५ फुटांवर उभं राहून, डोळा पाच फुटांवर धरला, तर जमिनीवरचा १३ फुटी गोल आपल्याला इतका चपटा दिसतो की त्याची उंची रुंदीच्या साधारण पाचवा भाग भरते. हात मात्र सवयीने निम्मी उंची काढतो आणि मग जमीन प्रेक्षकाकडे कललेली वाटते. उजेडाचा खांब हवेत दिसायला हवा असेल तर हवेत काहीतरी असायला हवं: धुपाचा धूर, पंखाने उडालेली धूळ. स्वच्छ हवेत तो दिसत नाही.

हे सगळं पक्कं होण्याआधी थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं. पाच बाय साडेसात सेंटिमीटरच्या बारा चौकटी, दोन करडे मार्कर आणि काळा, एवढंच. बारापैकी पहिल्या चार कुणालाही सुचतील अशा असतात, त्यासाठी बारा. त्यातल्या तीन निवडून पोस्टकार्डाएवढ्या करायच्या आणि फक्त तीन छटांत भरायच्या: खांब गडद, दगड मधला, कवडसा आणि पंखांच्या वरच्या कडा उजळ. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या, अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या संग्रहालयात त्यांची पावडर शेडिंगची कामं बघायला मिळतात. छटा जुळल्या की रंगावाचूनही जागा कशी उभी राहते, ते तिथे समजतं. काल्पनिक देखावा उभा करणं हा कोल्हापुराला जुना धंदा आहे. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) सिनेमाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. लांबच्या प्रेक्षकाला एका नजरेत स्वर्ग कळायला हवा, हे गणित मुखपृष्ठालाही तसंच लागू आहे, कारण आज तेच मुखपृष्ठ फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. म्हणून दर तासाला फाइल तेवढी लहान करून बघा. व्याल कळला नाही तर छटा चुकल्यात, तपशील वाढवून उपयोग नाही.

मूळ चित्र अर्ध्या इम्पीरियल कागदावर, म्हणजे १५ बाय २२ इंचांवर, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), अ‍ॅक्रिलिकमध्ये. कागद भिजवून फळीवर गम टेपने चारही बाजूंनी ताणायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत फळी आडवी ठेवायची. उभी ठेवली तर पाणी खाली उतरतं, कागद असमान वाळतो आणि टेप एका बाजूने सुटते. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत स्प्रे वॉर्निश मारू नका. हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि गडद भागांवर पांढुरकी झाक येते. खांबांचा काळा रंग तिथेच मरतो. थांबता येत नसेल तर मूळ चित्र वॉर्निशशिवाय स्कॅन करून फाइल पाठवा, वॉर्निश दिवाळीनंतर.

छपाईत या चित्राचा खरा शत्रू निळा रंग आहे. जादूचा उजेड म्हटलं की स्क्रीनवर झगझगीत निळा येतो, आणि तो सीएमवायकेत, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शाईंत, बसतच नाही. प्रेसमध्ये निळा हा सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून होतो. दोन्ही जवळजवळ समान झाले की जांभळा. सायन १०० असेल तर मॅजेंटा ६०-७० च्या वर जाऊ देऊ नका. दोघांत किमान तीसचा फरक हवा. आणि चमक रंगात शोधू नका, शेजारात शोधा. कवडशाभोवतीचा दगड उबदार करडा ठेवला की फिका निळाही पेटल्यासारखा दिसतो. काळ्या भागात चारही शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि मागच्या कागदाला लागते. मॉनिटरचा उजेड कमी करून काम करा. छापून आलेलं चित्र काळवंडलं अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा स्क्रीन फार उजळ ठेवलेली असते.

मुखपृष्ठाचं माप घेताना कणा विसरला की सगळं सरकतं. डेमी पुस्तक, साडेपाच बाय साडेआठ इंच, सोळा पानी पंधरा फर्मे म्हणजे २४० पृष्ठं, म्हणजे १२० कागद. एक कागद ०.१ मिलिमीटर जाड असेल तर कणा १२ मिलिमीटर. दोन्ही पृष्ठं, कणा आणि चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून फाइल सुमारे २९७ बाय २२२ मिलिमीटर. कागदाची जाडी प्रेसकडूनच विचारून घ्या, अंदाजाने नको. नावाची जागा तर चित्र काढतानाच ठेवायची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे रोमनसाठी पुरेल ती पट्टी इथे अपुरी पडते. दोन ओळींचं नाव असेल तर वरचा पूर्ण तिसरा भाग मोकळा हवा. आपल्या चित्रात तिथे रात्रीचं आकाश आहे, हे सुदैव नाही, थंबनेलमध्येच ठरवलेलं आहे.

कराराबद्दल थोडंच, पण हे पाठ असायला हवं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कुणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. प्रिंट विकण्याचा तुमचा हक्क तिथेच जातो. म्हणून ‘कॉपीराइट चित्रकाराकडे, प्रकाशकाला मुखपृष्ठ म्हणून मराठी आवृत्तीसाठी वापरण्याचा परवाना’ हे वाक्य काम सुरू होण्याआधी लेखी आणि सहीनिशी. हक्क लिहून दिलेच, तर कलम १९ प्रमाणे मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश न लिहिल्यास भारत. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोन, आणि पैसे तीन हप्त्यांत: स्केचआधी, रंगाआधी, फाइल देताना. शेवटची मोठी फाइल तिसऱ्या हप्त्यानंतरच.

आता कॉमिक कॉन. पुणे किंवा मुंबईच्या आर्टिस्ट टेबलासाठी अर्ज काही महिने आधी जातो, आणि त्यासोबतच्या पोर्टफोलिओत स्वतःची पात्रं असलेली दहा चित्रं इतरांच्या पात्रांच्या तीस चित्रांपेक्षा जास्त उपयोगी. दुसऱ्याच्या पात्राचा प्रिंट विकायचा असेल तर हक्क कुणाचा हे आधी बघा.

सामान कोल्हापुरातून न्यायचं म्हणजे वजन मोजायलाच हवं. ३०० जीएसएमचा एक ए-४ प्रिंट पावणेएकोणीस ग्रॅम, ए-३ त्याच्या दुप्पट. दोनशे ए-४ आणि साठ ए-३ म्हणजे नुसते कागद सहा किलो. मागचे पुठ्ठे आणि प्लास्टिकची पाकिटं धरून दहा-अकरा. प्रिंट गुंडाळून नेऊ नका. नळीतून काढलेला ए-३ टेबलावर पहिला अर्धा दिवस सरळ होत नाही आणि गिऱ्हाईक तो हातात घेत नाही. दोन एमडीएफ फळ्यांच्या मध्ये सपाट, रबर पट्ट्यांनी बांधून. पाकिटं पॉलिप्रॉपिलीनचीच घ्या. पीव्हीसी स्वस्त पडतं, पण लेझर प्रिंटचा टोनर त्याला चिकटतो आणि काढताना चित्राचे गडद भाग सोलून येतात.

मांडणीत उंचीला महत्त्व द्या. टेबलावर सपाट ठेवलेलं चित्र गर्दीतून दिसतच नाही. मागे जाळीची चौकट केबल टायने उभी करून मुख्य ए-३ जमिनीपासून पाच फुटांवर टांगा, त्याखाली ए-४, आणि टेबलाच्या पुढच्या कडेला, मुलांच्या हाताच्या उंचीवर, स्टिकर. किंमत प्रत्येकावर मोठ्या आकड्यात. बुजरा माणूस किंमत विचारत नाही, पुढे जातो. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत, त्याच्या मागे खोकी. मूळ चित्राची थंबनेल पानं आणि २५ अंशांचा तो हिशेब एका फाइलमध्ये उघडून ठेवा. शिकणारी मुलं तिथेच थांबतात, त्यांच्याशी बोलायला वेळ ठेवा. हॉलमध्ये गर्दी झाली की नेटवर्क जातं, म्हणून दोन वेगळ्या सिमकार्डांवर यूपीआय, क्यूआरची छापील पाटी आणि पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा. सोबत एक माणूस हवाच, नाहीतर जेवायला उठताना टेबल बंद होतं.

टेबलावर मिळणारी कामाची मागणी वहीत लिहून घ्या: माप, पात्र, कुठे वापरणार, तारीख. रक्कम तिथल्या तिथे सांगू नका. दोन दिवसांनी मेलवर सांगा. वहीच्या दुसऱ्या पानावर चित्रवार रेघा मारा, विकलेल्यासाठी एक रंग आणि थांबून, हातात घेऊन परत ठेवलेल्यासाठी दुसरा. हात लागतोय पण विक्री नाही अशा चित्राचा बहुधा आकार चुकलेला असतो. तेच पुढच्या वेळी ए-५ मध्ये छापून बघा.

उरलेले प्रिंट घरी आले की त्याच दिवशी पाकिटांतून तपासायचे, कोपरे दुमडलेले वेगळे काढायचे आणि बाकीचे सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात, जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं लांब. पंचगंगेकाठच्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या खोक्याला आधी बुरशी धरते. पुड्यांतले दाणे दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर वाळवून परत टाका.