वाळूच्या कुकीज

रविवार, रात्री साडेनऊ

काल दुपारी पहिला ट्रे बाहेर आला. धाकट्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "आई, ह्यात वाळू पडली का गं?" मला आधी रागच आला. मग मी चावून बघितली. खरंच कचकच लागत होती.

करायला घेतल्या होत्या दालचिनी-साखरेच्या कुकीज. अमेरिकेत त्यांना स्निकरडूडल म्हणतात. मला त्यात कॉर्नब्रेडची चव आणायची होती, तो मक्याचा खरपूस, जरासा गोड वास. (अमेरिकेच्या दक्षिणेत कॉर्नब्रेडमध्ये साखर घालावी की नाही यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. मी घालणाऱ्यांच्या पार्टीतली.) म्हणून मैदा १८० ग्रॅम आणि मक्याचं जाडसर पिवळं पीठ ८० ग्रॅम. कॉर्नफ्लोअर नव्हे हं! तो नुसता पांढरा स्टार्च, त्याला मक्याची चवच नसते. मागे एकदा ती गल्लत केली होती, त्या कुकीज खडूसारख्या लागल्या.

बाकी बटर ११५ ग्रॅम, साखर १५०, एक अंडं, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सोडा आणि एक चमचा क्रीम ऑफ टार्टर. हे शेवटचं गाळावंसं वाटतं, पण गाळू नये. वाइनच्या पिंपांना आतून जो क्षार धरतो, त्याची ही पावडर. तिच्या आंबटपणामुळे सोडा फुलतो आणि कुकीला ती पुसटशी आंबट चव येते. ती नसली तर दालचिनी एकटी पडते.

घोळ मी बटरमध्ये घातला. जास्त शहाणपणा करून ते तांबूस होईपर्यंत कढवलं. वास काय सुटला होता! पण बटरमध्ये साधारण सहावा हिस्सा पाणी असतं आणि कढवताना जी तडतड ऐकू येते, ती ते पाणी उडून जाण्याचीच. मक्याच्या कण्यांना मऊ व्हायला पाणीच लागतं, तुपात त्या कितीही वेळ ठेवा, हू की चू करत नाहीत. म्हणजे पाणी मीच उडवलं, वर गरमगरम बटरमध्ये पीठ मळून लगेच ट्रे आत सरकवला. कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या, आणि कण्या जशाच्या तशा.

वैतागून उरलेल्या गोळ्यात दोन चमचे दूध घातलं, झाकण लावलं आणि डबा फ्रीजमध्ये ढकलला. त्यात काही योजना वगैरे नव्हती, टाकून द्यायचं जिवावर आलं इतकंच.

आज सकाळी डबा उघडला तर पीठ वेगळंच. काल बोटांना तेलकट लागत होतं, आज घट्ट आणि कोरडं. कणी चिमटीत दाबली तर दबली. तीस-तीस ग्रॅमचे गोळे केले. चार चमचे साखर नि एक चमचा दालचिनी यात घोळवायला गेले, तर थंड गोळ्याला साखर धरेना. मग प्रत्येक गोळा तळहातांत क्षणभर फिरवून जरा उबदार केला आणि दोनदा घोळवला. १८० अंशांवर अकरा मिनिटं. मधे दोनदा ओव्हनच्या काचेला नाक लावलं. आधी गोळा बसतो, मग कडेने साखरेला बारीक चिरा पडतात आणि चिरांतून पिवळा रंग डोकावतो. मधला भाग कच्चा वाटतो तेव्हाच काढायच्या, कारण गरम ट्रेवर त्या आणखी शिजतात. काल हेही चुकलं होतं म्हणा.

कडा कुरकुरीत, आत मऊ. मका आधी दालचिनीच्या मागे लपतो आणि घास गिळल्यावर मागून येतो. कण्या अजून दाताला जाणवतात, पण आता त्या हव्याशा वाटतात.

"आज वाळू नाही," धाकटा म्हणाला आणि चार घेऊन पसार झाला.

कालच्या पाच उरल्यात, कोणी हात लावत नाही. आत्ता त्यातली एक दुधाच्या कपात टाकली आणि हे लिहीत बसले. चमच्याने दाबून बघितलं, मऊ पडायला लागली आहे.