पोच आली, नोंद नाही

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका केबलवाल्या शेठकडे नेटवर्क सांभाळतो. साडेतीनशेच्या आसपास फायबर कनेक्शन, एक मायक्रोटिक राउटर आणि जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून चालवलेला फ्रीरेडियस (ग्राहकांचं लॉगिन तपासणारा आणि वापराचा हिशेब ठेवणारा सर्व्हर), एवढाच आमचा संसार. ग्राहकाच्या घरचा नेटचा डबा पीपीपीओई या लॉगिनच्या पद्धतीने नाव-पासवर्ड पाठवतो, आमचा राउटर ते फ्रीरेडियसला विचारतो, तिकडून होकार आला की नेट सुरू. ही विचारपूस १८१२ पोर्टवर चालते आणि हिशेब १८१३ वर: कोण कधी आला, किती डेटा ओढला, कधी गेला. बिलाचं पॅनेल बाहेरच्या एका कंपनीचं आहे, ते हाच हिशेब वाचतं. त्यांच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) अट अशी की डेटाबेसच्या टेबलांना आपण हात लावायचा नाही. ही अट पुढे महत्त्वाची ठरते.

जुलैमध्ये एका रात्री साडेनऊला लाइट गेली. राउटरच्या इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच म्हातारी झाली होती, राउटर धाडकन बंद. सर्व्हर वेगळ्या यूपीएसवर म्हणून वाचला. दहा मिनिटांत लाइट आली, राउटर उठला, पण ग्राहक काही लागेनात. शेठचा फोन आला, "आरं, समद्यांचं नेट बंद हाय, लोक दारात आल्यात!"

अशा वेळी मी पहिल्यांदा रॅडटेस्ट, म्हणजे लॉगिन करून पाहणारी चाचणी, चालवतो. युजरनेम, पासवर्ड, सर्व्हर, पोर्टच्या जागी शून्य आणि शेवटी सीक्रेट (सर्व्हरशी ठरलेला गुप्त शब्द), झाली कमांड. माझ्याच घरच्या कनेक्शनचं नाव टाकलं. उत्तर आलं अ‍ॅक्सेस-रिजेक्ट, आणि खाली ओळ: 'यू आर ऑलरेडी लॉग्ड इन, अ‍ॅक्सेस डिनाइड'. म्हणजे पासवर्ड बरोबर होता, तक्रार वेगळी होती. राउटरची वीजच गेल्यामुळे त्याला जाता जाता कोणाचाच 'स्टॉप' (सेशन संपल्याचा निरोप) पाठवता आला नव्हता. उठल्यावर 'मी नव्याने सुरू झालो' असा निरोप द्यायचा असतो, तोही लॉगमध्ये दिसेना. सर्व्हरच्या वहीत सगळं गाव अजून ऑनलाइनच होतं. एका नावाला एकच सेशन हा आमचा नियम, त्यामुळे खऱ्या माणसाला दारातच अडवलं जात होतं.

आधी लोकांना आत घ्यायचं होतं. डीफॉल्ट साइटच्या फाइलमध्ये 'सेशन' विभागातली एसक्यूएलची (डेटाबेसची) ओळ कॉमेंट केली, म्हणजे तो एका सेशनचा नियम तात्पुरता बंद. घाईत कंस चुकला की सर्व्हर उठतच नाही, हे एकदा भोगलंय, म्हणून कॅपिटल सी आणि एक्स देऊन कॉन्फिग तपासली आणि मगच रीस्टार्ट. दोन मिनिटांत गाव ऑनलाइन. शेठ झोपायला गेले.

खरं काम इथून पुढे. पॅनेलमध्ये प्रत्येक नाव दोनदा दिसत होतं, एक जिवंत सेशन आणि एक भूत. ही भुतं काढल्याशिवाय तो नियम परत चालू करता येत नव्हता, आणि नियम बंद ठेवला तर एका कनेक्शनवर तीन घरं नेट वापरणार, हे मला गावावरून माहीत आहे.

टेबलांना हात लावायचा नाही, म्हणून ती थेट पुसता येत नव्हती. पुस्तकी उपाय म्हणजे रॅडझॅप ही कमांड. तो रॅडहू या दुसऱ्या कमांडकडून कोण ऑनलाइन आहे ते विचारतो आणि त्याच्या नावाने खोटा स्टॉप पाठवतो. मी रॅडहू चालवला तर यादी कोरी. डोकं खाजवल्यावर उलगडलं: रॅडहू वाचतो रॅडयूटीएमपी नावाची फाइल, आणि आमची नोंद फक्त एसक्यूएलमध्ये जाते. ज्या वहीत कधी लिहिलंच नाही, ती वाचून काय मिळणार?

मग रॅडक्लायंट घेतला. या सगळ्या साधनांत मला हाच आवडतो. फाइलमध्ये ओळीला एक अ‍ॅट्रिब्यूट लिहायचं आणि 'अ‍ॅक्ट' म्हणजे हिशेबाचं पॅकेट म्हणून सर्व्हरकडे सोडायचं, तो राउटरसारखाच पॅकेट पाठवतो. पॅनेलवर दिसणारं युजरनेम, सेशन आयडी आणि राउटरचा आयपी लिहिला, स्टेटस टाइप स्टॉप केला, माझ्याच नावाने सोडला. अकाउंटिंग-रिस्पॉन्स, म्हणजे पोच, आली. वा! पॅनेल रिफ्रेश केलं तर माझ्या दोनाच्या तीन ओळी झालेल्या. भूत होतं तिथंच होतं.

अर्धा तास यात गेला. फ्रीरेडियस सेशन ओळखतो तो एका एमडी५ हॅशवरून, म्हणजे अनेक गोष्टी मिसळून काढलेल्या ठशावरून. त्यात युजरनेम, सेशन आयडी आणि राउटरच्या आयपीबरोबर एनएएस-आयडेंटिफायर (राउटरचं नाव), पोर्ट आणि पोर्ट-आयडीही मिसळलेले असतात. त्यातली एक गोष्ट जरी गाळली तरी हॅश बदलतो. सर्व्हरला जुनी ओळ सापडत नाही, म्हणून तो इमानदारीत नवीन ओळ घालतो आणि पोच देतो. पोस्टमनने पाकीट दिलं एवढाच त्या पोचेचा अर्थ, ते कोणाच्या खात्यात जमा झालं याच्याशी तिचा संबंध नाही. यातल्या दोन गोष्टी पॅनेलवर दिसतच नाहीत.

पण सर्व्हरच्या डिटेल फाइलमध्ये, म्हणजे कच्च्या नोंदींत, असतात. राउटरच्या आयपीच्या नावाचा फोल्डर, त्यात रोजची एक फाइल, आणि आलेलं प्रत्येक पॅकेट जसंच्या तसं. त्यातून तीन ग्राहकांची स्टार्ट पॅकेटं उचलली, डोक्यावरची तारखेची ओळ काढली, स्टार्टचं स्टॉप केलं, सोडली. पोच आली, भुतंही गेली. मी चहा टाकायला उठलो.

परत येऊन सहज पाहिलं तर त्या तिघांत एक लॉजवाला होता. त्याचं सेशन एकोणीस दिवस सलग चालू होतं आणि आता वापर दाखवत होता शून्य. स्टार्ट पॅकेटमध्ये डेटाचा आकडा नसतो, कारण तेव्हा वापर सुरूच झालेला नसतो. स्टॉपमध्ये आकडा नाही म्हणजे शून्य, असं धरून सर्व्हरने जुना आकडा पुसला होता. सकाळी शेठनी हे पाहिलं असतं तर माझ्या पगाराचा आकडाही तसाच झाला असता.

उत्तर त्याच फाइलमध्ये होतं. आमचा राउटर दर पाच मिनिटांनी इंटरिम-अपडेट पाठवतो, त्यात तोवरचा पूर्ण वापर असतो. लाइट जाण्याआधीचं शेवटचं इंटरिम पॅकेट उचलायचं, ऑक्टेट्सबरोबर (म्हणजे बाइटच्या आकड्याबरोबर) गिगावर्ड्सची ओळही न चुकता घ्यायची. ऑक्टेट्सचा आकडा ३२ बिटांचा, चार जीबीला गुंडाळून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. किती वेळा गुंडाळला ते गिगावर्ड्समध्ये असतं. ती ओळ राहिली तर लॉजवाल्याचा महिना तीन जीबीत बसेल. टर्मिनेट-कॉजला (सेशन संपण्याच्या कारणाला) एनएएस-रीबूट, म्हणजे राउटर बंद पडून उठला, असं लिहिलं, कारण खरं कारण तेच. लॉजवाल्याचं पॅकेट पुन्हा सोडलं, आकडा परत आला. बाकी दोघांचंही तेच केलं.

पुढचं काम हमालीचं. ऑक या मजकूर चाळणाऱ्या कमांडने प्रत्येक सेशनचं शेवटचं इंटरिम वेगळं काढलं, मध्ये रिकामी ओळ ठेवून सगळी एका फाइलमध्ये घातली. रॅडक्लायंट अशी फाइल एका दमात वाचतो आणि स्मॉल एस दिला तर शेवटी गोळाबेरीज सांगतो. त्या बेरजेवर आता माझा विश्वास नव्हता, म्हणून आधी दहाच सोडली आणि दहाही नावं पॅनेलवर एकेक करून पाहिली. मग उरलेली. पाच मिनिटांपर्यंतचा डेटा प्रत्येकाचा बुडाला, तो ग्राहकांना बक्षीस.

माझी ती तिसरी ओळ अजून पॅनेलवर आहे. ती काढायला कंपनीला फोन करावा लागेल आणि मग कारण सांगावं लागेल.

पावणेपाचला एसक्यूएलच्या ओळीची कॉमेंट काढली, कॉन्फिग तपासली, रीस्टार्ट. माझ्या घरच्या कनेक्शनवर पुन्हा रॅडटेस्ट मारला. अ‍ॅक्सेस-रिजेक्ट, 'यू आर ऑलरेडी लॉग्ड इन'. या वेळी ते खरं होतं. घरी डबा चालू होता, बायकोच्या फोनवर भूपाळी लागली असणार. लॅपटॉप मिटला आणि निघालो.