क्रोझाँला जाताय? किल्ल्यावरून खाली बघून परत फिरू नका

आधी मुद्द्याचं सांगतो. फ्रान्समधल्या क्रोझाँ गावी गेलात, पडक्या किल्ल्यावरून खाली बघितलंत आणि फोटो काढून परत आलात, तर चित्रकार गियोमँने रंगवलेली नदी तुम्ही बघितलेलीच नाही. खाली दिसतं ते धरणाचं पाणी. आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं, उलट ज्या माहितीपत्रकावर विसंबून गेलो त्यात चित्रकाराने पाहिला तसाच देखावा आजही दिसतो असं छापलं होतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आर्माँ गियोमँ हे नाव मलाही नवीनच होतं. माझी ताई शाळेत ड्रॉइंग शिकवायची, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात तिची हयात गेली, तिचा हा लाडका चित्रकार. पिसारो आणि सेझानचा दोस्त, इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे बदलता उजेड रंगांत पकडू बघणाऱ्या चित्रकारांच्या, आठ प्रदर्शनांपैकी १८७४ च्या पहिल्या धरून सहांत त्याची चित्रं होती, तरी त्यांच्यातल्या मोनेला जे मिळालं त्याच्या पासंगालाही याला काही मिळालं नाही. कारण सोपं आहे, घरची गरिबी. आधी पॅरिस-ऑर्लिआँ रेल्वेत कारकुनी, मग पॅरिसच्या रस्ते-पूल खात्यात नोकरी, तीही रात्रपाळी करून, म्हणजे दिवसाचा उजेड चित्रांना मिळेल. असं करत पन्नाशी गाठली आणि १८९१ मध्ये माणसाला चक्क एक लाख फ्रँकची लॉटरी लागली! नोकरी सोडली आणि वर्षभरात क्रोझाँ धरलं, ते पुढची तीसेक वर्षं सोडलं नाही.

आता प्रवास. पॅरिसच्या ओस्तर्लित्झ स्टेशनवरून लिमोजकडे जाणारी गाडी घ्यायची, ला सूतरेनला उतरायचं, जेमतेम तीन तास, त्यात काही त्रास नाही. त्रास पुढच्या वीस-पंचवीस किलोमीटरचा. आम्ही रविवारी पोचलो. रविवारी पोचू नका. बस नाही, स्टेशनबाहेर टॅक्सी नाही, फोन करून बोलावली तर पाऊण तासाने आली. मी दोनदा हाताने मीटरकडे बोट दाखवलं, ड्रायव्हरने बघून न बघितल्यासारखं केलं आणि गावात उतरवून ११० युरो मागितले. ताई दमलेली, अंधारून आलेलं, भांडायला माझं फ्रेंच पुरेना, दिले. नंतर कळलं ते असं की तिथे खेड्यातल्या टॅक्सीला रिकामं परत जायचं असेल तर दर चढा असतो, आपल्याकडे रिटर्न भाडं मागतात तसंच, पण तिथे ते कायद्यात बसवलेलं आहे, आणि रात्री किंवा रविवारी त्याहून चढा. म्हणजे महाग पडणार होतंच. पण मीटर लावणं बंधनकारक आहे आणि पावती मागितली की द्यावीच लागते, हे मला आधी माहीत असतं तर गाडीत बसायच्या आधीच अडून बसलो असतो. परत येताना मंगळवारी दुसरी टॅक्सी, मीटर चालू, तेवढंच अंतर, ५८ युरो. तेव्हा टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा, मीटर सुरू झाल्याशिवाय सामान डिकीत टाकू नका.

जेवणाचंही ऐकून ठेवा. रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी त्या भागात हॉटेलं बहुतेक बंद. ताईने लेकीच्या घरून पोळ्या बांधून घेतल्या होत्या म्हणून निभावलं.

सोमवारी सकाळी किल्ला. क्रूझ आणि सेदेल या दोन नद्यांच्या संगमावर खडकाची सोंड आहे, तिच्यावर हे मध्ययुगीन अवशेष. ताईच्या पिशवीत गियोमँच्या चित्रांची छापील पानं होती, त्यात खडकांतून फेसाळत येणारी क्रूझ, उघडे धोंडे, नारिंगी-जांभळे उतार. आणि समोर काय, तर गुळगुळीत हिरवट तळं. दोघंही गप्प झालो. ताई पान वर धरायची, खाली करायची, परत वर धरायची. नदीच्या खालच्या अंगाला एग्युझों गावी धरण बांधलंय, ६० मीटरच्या वर उंच, १९२६ मध्ये सुरू झालं आणि पाणी मागे पार इथवर चढलं. गियोमँ गेला १९२७ मध्ये, म्हणजे त्याच्या हयातीतच हे झालं. आणि मला खरं लागलं ते पुढचं, धरणाची वीज हवी होती ती पॅरिस-ऑर्लिआँ रेल्वेच्या विद्युतीकरणाला! ज्या कंपनीत त्याने उमेदीत कारकुनी केली तिच्याच गाड्यांसाठी त्याचे धोंडे पाण्याखाली गेले, आणि आपण जातो तोही त्याच मार्गाने.

किल्ल्याला एक तास खूप झाला. मग सेदेलकडे वळा. संगमापाशी तिचंही पाणी फुगलेलं आहे, पण काठाने वर चालत राहिलात की धरणाचा फुगवटा संपतो आणि आवाज ऐकू येतो, वाहत्या पाण्याचा. गियोमँची नदी आता इथेच उरलीय.

पण वाट. बहुतेक वाट चांगली आहे, मधला एक दोनशे मीटरचा तुकडा मात्र भयंकर आहे, निदान ऑक्टोबरात पाऊस पडून गेल्यावर. तिरके खडक, त्यावर शेवाळ, त्यावर ओली पानं, त्यात चेस्टनटची काटेरी बोंडं, म्हणजे घसरताना हात टेकला की तळव्यात काटे. धरायला काही नाही, खाली पाणी. ताई बसून बसून उतरली, मी कोपर फोडून घेतलं, त्या तुकड्याला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरलेल्यांना वाटेल यात काय एवढं, मलाही तसंच वाटलं होतं. झिजल्या तळव्यांचे बूट नकोत, एक काठी हवीच, आणि पाऊस चालू असेल तर सरळ गाडीरस्त्याने सेदेलवरच्या पों शारो पुलाकडे जा, लांब पडलं तरी.

पों शारोचा जुना दगडी पूल गियोमँने रंगवलाय. सोमवारी दुपारी पोचलो तेव्हा दमून काहीच वाटलं नाही, करडा पूल, करडं आभाळ. रात्री थंडी पडली आणि ताईने हट्ट धरला की पहाटे परत जायचं, रस्त्याने. तिसऱ्या आठवड्यात उजाडायला सव्वाआठ होतात. गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं, ऊन पुलाच्या कठड्यावर आलं आणि मी वाकून बघितलं तर दगडावरच्या दगडफुलाचे डाग हळदीसारखे पिवळे, काही नारिंगी, आणि जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथलं दहिवर खरोखर जांभळं. निळसर नाही, जांभळं. ताईची पानं बघून मला वाटलं होतं की हा माणूस रंग भडक करतो. ताई म्हणाली, "बघ, मी मुलांना सांगायचे सावलीत काळा घालू नका, तर ऐकायची नाहीत." अर्ध्या तासात ऊन चढलं आणि सगळं परत करडं. तेव्हा पहाटेच जा, एक रात्र जास्त राहावं लागलं तरी राहा.

गावात ओतेल लेपिना आहे, चित्रकार उतरायचे ती जुनी खाणावळ, आता तिथे या खोऱ्यातल्या चित्रकारांची माहिती मांडलीय, ऋतूप्रमाणे उघडी असते तेव्हा आधी वेळ बघा. मोने १८८९ मध्ये येऊन गेला ते फ्रेसलीन गावही जवळच आहे, गाडी असेल तर करा, नसेल तर सोडा.

पॅरिसला परतल्यावर ओर्से संग्रहालयात गियोमँचं 'इव्रीचा सूर्यास्त' हे चित्र बघितलं, गिरण्यांची धुराडी आणि मागे पेटलेलं आभाळ. ती इमारत मुळात स्टेशन होती, पॅरिस-ऑर्लिआँ कंपनीचंच. मी ताईला हे सांगितलं, तर ती चित्रासमोरून हलली नाही, एवढंच म्हणाली, "कोपराला औषध लावलंस का?"